गॅरेजचा कोपरा: ट्रॅक नवा आणलात, पण कापायच्या आधी मोजलात का?

गेल्या अंकात बर्फातल्या गाड्यांवर लिहिताना स्नो बाईकचा ट्रॅक बदलण्याबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या चार ओळींवर इतके प्रश्न आलेत की यावेळचा आख्खा कोपरा त्यालाच देतोय. ज्यांनी ही गाडी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. आपली डर्ट बाईक घ्यायची, बहुतेक जण ४५० सीसीची घेतात, पुढचं चाक काढून तिथे एक स्की लावायची आणि मागचं चाक, त्याला धरणाऱ्या स्विंगआर्म नावाच्या दांड्यासकट, काढून तिथे रबरी पट्ट्यावर चालणारं आख्खं सस्पेन्शन बसवायचं. या सगळ्या सामानाला किट म्हणतात. उत्तर आयडाहोतल्या सँडपॉइंट गावच्या टिंबरस्लेडने हा प्रकार लोकांपर्यंत नेला, २०१५ साली पोलारिसने ती कंपनी घेतली, आणि २०१७ ला अ‍ॅस्पेनच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत स्नो बाईकची शर्यत पहिल्यांदा झाली. उन्हाळ्यात परत चाकं लावायची की गाडी मातीवर पळायला मोकळी. त्यातला जो पट्टा आहे तो म्हणजे ट्रॅक, त्याच्यावर बर्फ ढकलायला ज्या उभ्या रबरी फळ्या असतात ती पॅडलं, आणि आजचे सगळे प्रश्न त्याच्याच भोवती आहेत.

प्रश्न : दादा नमस्कार, मी सेकंडहँड किट घेतलं, १२० इंची. जुना ट्रॅक कडेने चिरला होता म्हणून एकाकडून न वापरलेला १२० इंचीच ट्रॅक स्वस्तात उचलला. जुन्याची पॅडलं अडीच इंच होती, याची तीन इंच आहेत. बसवून हाताने फिरवला तर पुढे टनेलला घासतोय. मित्र म्हणतो सगळी पॅडलं अर्धा अर्धा इंच कापून टाक, एका संध्याकाळचं काम आहे. कापू का?
(एक वाचक, बॉयसी, आयडाहो)

थांबा, कटर खाली ठेवा आणि आधी मला एक सांगा, ट्रॅकचा पिच मोजलात का? कारण तुमच्या पत्रात लांबी आहे, पॅडलची उंची आहे, पण पिच कुठेच नाही आणि खरी गोम तिथेच असते.

ट्रॅकच्या रबरात आडव्या काड्या बसवलेल्या असतात, फायबरग्लासच्या, त्यांना रॉड म्हणतात. एका रॉडच्या मध्यापासून पुढच्या रॉडच्या मध्यापर्यंत जे अंतर ते पिच. बाजारात २.५२, २.८६ आणि ३ इंच असे पिच सर्रास मिळतात आणि गंमत अशी की तिन्हींत "१२० इंची" ट्रॅक बनतो. ३ च्या पिचला ४० रांगा झाल्या की १२० भरतात, २.८६ ला ४२ रांगा म्हणजे १२०.१२, आणि २.५२ ला ४८ रांगा म्हणजे १२०.९६, तो कोणी १२० म्हणून विकतो कोणी १२१ म्हणून. ट्रॅक ओढणारे जे दातेरी ड्रायव्हर असतात ते एकाच पिचसाठी ओतलेले असतात. ड्रायव्हर २.८६ चा आणि ट्रॅक ३ चा असला तर दर दाताला ०.१४ इंचाचा फरक पडतो, चार दात पुढे गेलं की अर्ध्या इंचाच्या वर. हाताने फिरवताना तो कसाबसा फिरतो सुद्धा, इंजिनाची ताकद लागली की मग दात उड्या मारायला लागतात आणि आतले रबरी दाते सोलून निघतात.

मोजायची पद्धत सोपी आहे. एकच पिच मोजू नका, टेपने चूक होते. दहा पिच एकदम मोजा आणि दहाने भागा. २८.६ इंच आलं तर २.८६ चा, ३० आलं तर ३ चा, २५.२ आलं तर २.५२ चा. मग जुन्या ट्रॅकचे दहा मोजा. दोन्ही सारखे आले तरच पुढचं वाचा, नाही आले तर तो ट्रॅक ज्याच्याकडून घेतला त्याला परत द्या किंवा त्या पिचचे ड्रायव्हर शोधा, कापून काही उपयोग नाही.

पिच जुळला असं धरून चालतो. आता घासतंय नेमकं कुठे ते बघा. टनेल म्हणजे ट्रॅकच्या वरचं अ‍ॅल्युमिनियमचं आच्छादन, आणि सगळ्यात कमी जागा असते ती पुढे, ड्रायव्हरच्या वळणावर, कारण तिथे ट्रॅक गोल फिरतो आणि पॅडलं पंख्यासारखी उघडतात. नुसतं डोळ्याने बघून हे कळत नाही. मी काय करतो सांगतो, आमच्या घरी मुलं गणपती बनवतात त्यातली उरलेली शाडूची माती मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो, तिचे सुपारीएवढे गोळे करून टनेलच्या आत सात-आठ ठिकाणी चिकटवायचे, छताला, पुढच्या पत्र्याला, चेनच्या बाजूला, आणि जिथे जिथे बोल्टचं टोक आत आलंय तिथे तर नक्कीच. मग ट्रॅक हाताने दोन फेऱ्या फिरवायचा. माती जिथे चेपली तिथे सुरीने कापून जाडी मोजायची. ती जाडी म्हणजे तुमची खरी मोकळी जागा. अर्धा इंच तरी राहिली पाहिजे असं मी धरतो आणि खरं तर पाऊण इंच राहिली की मला शांत झोप लागते, कारण वेगात ट्रॅक केंद्रापासून बाहेर फुगतो, हाताने फिरवताना जे मिळतं ते वेगात मिळत नाही, आणि वर बर्फ गोठून टनेलला थर चढतो तो वेगळाच.

आता कापायच्या आधी एक दुसरा रस्ता आहे, तो कोणी सांगत नाही म्हणून आकडे मांडून सांगतो. समजा तुमचे ड्रायव्हर २.८६ पिचचे ८ दाती आहेत. त्यांचा घेर ८ गुणिले २.८६ म्हणजे २२.८८ इंच, त्रिज्या ३.६४. त्यावर पट्ट्याची जाडी पाव इंच आणि पॅडल ३ इंच धरलं तर मध्यापासून टोकापर्यंत होतात ६.८९ इंच. अडीच इंची पॅडलला हेच ६.३९ होते, तेव्हा घासत नव्हतं. आता ७ दाती ड्रायव्हर लावले तर घेर २०.०२, त्रिज्या ३.१९, आणि ३ इंची पॅडल न कापता टोक येतं ६.४४ वर. म्हणजे जवळपास जुन्या जागेवरच! एकही पॅडल न कापता. फुकटात मात्र काही मिळत नाही, ड्रायव्हर ज्या दांड्यावर बसतात त्या शाफ्टच्या एका फेऱ्यात ट्रॅक साडेबारा टक्के कमी पुढे जातो, म्हणजे टॉप स्पीड कमी आणि खेच जास्त, हवं तर पुढे स्प्रॉकेट बदलून ते भरून काढता येतं. छोट्या चाकावर ट्रॅक जास्त वाकतो म्हणून थोडी ताकद खातो. आणि पुढे वळण लहान झाल्यामुळे साधारण १.४ इंच पट्टा सैल पडतो, तो घ्यायला मागचा अ‍ॅक्सल पाऊण इंचाच्या आसपास मागे न्यावा लागेल, तेवढी जागा तुमच्या अ‍ॅडजस्टरमध्ये शिल्लक आहे का ते आधी बघा. छत आणि पुढचा पत्रा दोन्हीकडे अडचण असेल तर मला हा मार्ग कापण्यापेक्षा बरा वाटतो. भुसभुशीत खोल बर्फात त्या तीन इंचांसाठीच तर तुम्ही तो ट्रॅक घेतलात ना, मग ते कापून कशाला टाकायचे.

तरी कापायचंच ठरलं, ड्रायव्हर मिळेना किंवा बजेट नाही, तर नीट कापा. ट्रॅक गाडीत असताना कापू नका. बाहेर काढा, मोठ्या ड्रमवर किंवा जाड पाइपवर लटकवा म्हणजे वरच्या बाजूला पॅडलं आपोआप उघडी होऊन उभी राहतात. अडीच इंच उंचीच्या दोन लाकडी पट्ट्या करा, पॅडलच्या पुढे एक मागे एक, दोन्ही चिमट्याने आवळा आणि पट्ट्यांच्या माथ्यावरून पातं सपाट टेकवून कापत न्या. पात्याला साबणाचं पाणी लावत राहा, रबर लोण्यासारखं नाही पण समजूतदारपणे कापलं जातं, कोरडं पातं मध्येच अडकतं आणि तिरकं जातं. दहा-बारा पॅडलांनंतर पातं बदला, पाती स्वस्त आहेत. ग्राइंडरने करू नका, रबर जळतं, घरभर वास आणि माथा वितळून खडबडीत होतो. कोपरे गोल ठेवा, चौकोनी खाच मारली की चीर तिथूनच सुरू होते. पहिल्या रांगेला खडूने खूण करा आणि ४२ च्या ४२ रांगा सारख्या कापा, नुसत्या घासणाऱ्या तेवढ्या कापल्या तर ट्रॅक एका बाजूला जड राहतो आणि वेगात हँडलपर्यंत धडधड जाणवते. रांगेत दोन-तीन पॅडलं म्हटली तरी ऐंशी ते सव्वाशे काप आहेत. एका संध्याकाळीत होणारं काम नाही हे, मित्राला सांगा.

आणि एक. पॅडल आखूड झालं की ताठ होतं. वरचा लवचिक भाग गेला, बुडाचा जाड भाग राहिला. म्हणजे तीन इंची कापून अडीच केलेलं पॅडल आणि मुळातच अडीच इंची बनवलेलं पॅडल बर्फात सारखं वागत नाही, टोकाची जी घडण असते ती गेलेली असते.

प्रश्न : ट्रॅक अख्खा गोल आहे, सांधा कुठेच नाही. मग आत घालायचा कसा? व्हिडिओत सगळं फटाफट दाखवतात. आमचं गॅरेज उणे दहाला असतं.
(एक वाचक, कॅलगरी)

सांधा नसतो हे बरोबर ओळखलंत, म्हणून आतलं सगळं बाहेर काढल्याशिवाय ट्रॅक निघतही नाही आणि बसतही नाही. आधी मागचा अ‍ॅक्सल ढिला करून अ‍ॅडजस्टर पूर्ण पुढे आणा म्हणजे ट्रॅक सैल पडेल. मग सस्पेन्शनचा आतला सांगाडा टनेलला ज्या बोल्टांनी धरलाय ते काढून सांगाडा बाहेर. मग चेन, स्प्रॉकेट आणि ड्राइव्ह शाफ्टच्या बेअरिंगची घरं. शाफ्ट एका बाजूला सरकवून तिरका केला की सुटतो आणि त्याच्यासोबत ट्रॅक मोकळा. बसवताना सगळं उलट क्रमाने. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा, वॉशर कुठल्या बाजूला होता हे दोन तासांनी कोणालाच आठवत नाही.

उणे दहाच्या गॅरेजात मात्र नवा ट्रॅक घालू नका हो. रबर थंडीत लाकडासारखं होतं. आदल्या रात्री ट्रॅक घरात आणा, बॉयलरच्या खोलीत ठेवा, घरचे कुरकुरतील पण सकाळी तो ऐकेल. त्यातून नवा ट्रॅक गुंडाळून आलेला असतो, उलगडून ठेवलात तर वळ पण जातो.

दिशा बघा, यात चुकणारे मी स्वतः पाहिलेत. ट्रॅकवर बहुतेक वेळा बाण असतो. नसला तर असा विचार करा की जमिनीला टेकलेला भाग गाडीच्या मानाने मागे जात असतो, तेव्हा पॅडलची ओंजळ मागे तोंड करून बर्फ ढकलेल अशी पाहिजे.

शाफ्ट बाहेर आहेच तर बेअरिंग हाताने फिरवा. खरखर लागली की बदला, त्याच्यासाठी परत सगळं उघडायचं म्हणजे पुन्हा अख्खा रविवार. ड्रायव्हरचे दात गोल झिजले असतील तर नव्या ट्रॅकला जुने ड्रायव्हर देऊ नका. ट्रॅकमधल्या भोकांवरच्या, म्हणजे खिडक्यांवरच्या, स्टीलच्या क्लिपा नव्या ट्रॅकला आधीच असतात का ते ऑर्डर करतानाच विचारा, काही ट्रॅक क्लिपांशिवाय येतात आणि त्या दाबायला वेगळा चिमटा लागतो. आणि सांगाडा परत आत घालताना स्प्रिंग दाबून धरायला रॅचेट पट्टा वापरा, गुडघ्याने दाबून बोल्ट घालायच्या फंदात बोटं जातात.

प्रश्न : नवा ट्रॅक टाकला, आता जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की खाली कट कट कट आवाज येतो. टाइट करू का?
(एक वाचक, डेन्व्हर)

हो, बहुतेक सैल आहे, ड्रायव्हर दात सोडून उडी मारतोय. नवा ट्रॅक पहिल्या फेरीत ताणतोच, म्हणून मी नव्या ट्रॅकवर पहिले वीस-तीस किलोमीटर सांभाळून चालवतो आणि घरी येऊन परत मोजतो.

पण अंदाजाने आवळू नका. गाडी मागून उचला, ट्रॅक मोकळा लटकू द्या, रेलच्या, म्हणजे सांगाड्याच्या ज्या दोन लांब दांड्यांखालून ट्रॅक सरकतो त्यांच्या, मध्यावर तुमच्या किटाच्या मॅन्युअलमध्ये जेवढं लिहिलंय तेवढं वजन टांगा आणि रेलखालची सरकपट्टी ते ट्रॅक किती झोळ पडतो ते मोजा. आकडा मॅन्युअलचाच घ्या, प्रत्येक किटाचा वेगळा असतो, मित्राच्या गाडीचा चालत नाही. जास्त आवळलात तर प्लास्टिकची सरकपट्टी, ज्याला हायफॅक्स म्हणतात, ती तापते, बेअरिंगवर ताण येतो आणि इंजिनाची ताकद ट्रॅक वाकवण्यातच जाते.

मग सरळपणा. गाडी स्टँडवर, मागे कोणी उभं नाही याची खात्री करून ट्रॅक हळू फिरवा, क्लिप आणि सरकपट्टी यातली फट दोन्हीकडे सारखी दिसते का बघा. ट्रॅक नेहमी सैल बाजूकडे पळतो, म्हणून तो ज्या बाजूला सरकलाय त्या बाजूचा अ‍ॅडजस्टर पाव फेरा आवळा, परत फिरवा, परत बघा. झाल्यावर अ‍ॅक्सलचा मुख्य बोल्ट टॉर्कला आवळायचा विसरू नका. सरळ करून बोल्ट विसरलेली गाडी माझ्याकडे दुसऱ्याच आठवड्यात कड फाटलेला ट्रॅक घेऊन परत आलीये.

एवढं करूनही आवाज राहिला तर मात्र परत पहिल्या प्रश्नावर जा आणि पिच मोजा.

प्रश्न : माझ्याकडे स्नोमोबिलचा जुना पण चांगला १५ इंच रुंद ट्रॅक पडून आहे. दोन्ही कडा कापून स्नो बाईकला बसवता येईल असं एकाने सांगितलं. नवीन ट्रॅकचे भाव बघितले तर डोळे फिरतात.
(एक वाचक, स्पोकेन, वॉशिंग्टन)

भाव माझ्याही पोटात गोळा आणतात, त्यामुळे तुमचा विचार मी समजू शकतो. लोक करतात हे, मीही एकदा केलंय, आणि म्हणूनच सांगतो की परत करणार नाही.

स्नो बाईकचा ट्रॅक चिंचोळा असतो, दहा-बारा इंचांच्या आसपास, कारण ही गाडी मोटारसायकलसारखी कलते. बऱ्याच स्नो बाईक ट्रॅकचा आडवा छेद किंचित बाहेर फुगलेला केलेला असतो तो याचसाठी, कडेवर सहज लोळता यावं म्हणून. स्नोमोबिलचा ट्रॅक सपाट. तो कापून अरुंद केलात तरी सपाटच राहतो आणि कडक बर्फावर गाडी कलवताना कड अडते, झटका बसतो.

दुसरी गोष्ट, आतल्या दात्यांच्या आणि खिडक्यांच्या ओळी. त्या स्नोमोबिलच्या रेलच्या अंतराने घातलेल्या असतात. दोन्हीकडून दोन-दोन इंच कापले म्हणून त्या ओळी तुमच्या रेलखाली येत नाहीत. तुमच्या ड्रायव्हरचं आणि रेलचं मधलं अंतर मोजून आधी कागदावर काढा, नाही जुळलं तर विषय तिथेच संपला.

आणि तिसरी मला सगळ्यात काळजीची वाटते. कड कापताना तुम्ही प्रत्येक रॉडची दोन्ही टोकं कापता. कारखान्यात ही टोकं रबराच्या आत झाकलेली असतात, तुमच्या कापलेल्या कडेला ती उघडी पडतात, सोबत आतल्या कापडाचे धागे पण. त्यातून पाणी आत जातं, रात्री गोठतं, थर सुटायला लागतात. माझ्या ट्रॅकचं हेच झालं. मी बारीक दाताच्या जिगसॉने कापला, कडा लवचिक सीलंटने बंद केल्या, सरळ रेषेत कापलाय याचं मला समाधान होतं. दुसऱ्या हिवाळ्यात आयडाहोतल्या मकॉल गावाच्या वरच्या डोंगरात, गाडी ठेवलेल्या जागेपासून नऊएक किलोमीटर आत, एका वळणावर कड उचकटली आणि रॉडचं टोक बाहेर आलं, ते टनेलच्या एका बोल्टात अडकून त्याच्यामागचे आणखी तीन ओढून काढले. ट्रॅक जागेवर थांबला. सोबत दोघे होते म्हणून मी आज हे लिहितोय, कारण कमरेएवढ्या बर्फात नऊ किलोमीटर चालणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला पहिल्या दोनशे पावलांतच कळलं. पाय ठेवला की मांडीपर्यंत आत, काढला की दुसरा आत. एकाने मागे बसवून खाली आणलं तेव्हा अंधार पडला होता.

तरी कोणी हे करणारच असेल तर निदान एवढं ऐका, फायबरग्लासची धूळ फुफ्फुसात नको. चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या, आणि कापताना पाण्याचा शिडकावा. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका, त्या कुसळांनी अंगाला जी खाज सुटते ती लहान मुलांना सोसत नाही.

प्रश्न : सर, मी कराडला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बर्फ मी फक्त रसवंतीगृहात पाहिलाय पण तुमचा कोपरा नियमित वाचतो. रॉड फायबरग्लासचे का? स्टीलचे का नाहीत?
(एक विद्यार्थी, कराड)

तुझा प्रश्न मला फार आवडला. तू विचार असा कर की तो रॉड दिवसभर काय सोसतो. दगड किंवा झाडाचा बुंधा खाली आला की रॉड वाकतो. स्टीलची काडी एका मर्यादेपलीकडे वाकली की तशीच वाकडी राहते, आणि वाकडा रॉड म्हणजे ट्रॅकला कायमचा पीळ. फायबरग्लास स्टीलपेक्षा खूप लवचिक, वाकतो आणि परत सरळ होतो, अति झालं तर तुटतो पण वाकडा राहत नाही. वजनाने तो स्टीलच्या साधारण पाव. आणि हे वजन नुसतं वाहायचं नसतं, सतत फिरवायचं असतं, दर वेळी वेग घेताना इंजिनाला ते परत पळवावं लागतं. गंजत नाही हा वर फायदा, कारण ट्रॅकचं आयुष्य ओल्यातच जातं.

साखर कारखान्यात किंवा फाउंड्रीत कन्व्हेअरचा पट्टा पाहिला असशील तर तो जवळून बघ. तिथे पट्टा लांबीच्या दिशेने ताण घेतो आणि आडवा वाकला तरी चालतो, उलट खोलगट व्हावा लागतो. इथे पट्टा लांबीला वाकला पाहिजे आणि आडवा ताठ राहिला पाहिजे, कारण गाडीचं वजन मधल्या रेलवर आणि बर्फ मात्र पूर्ण रुंदीने उचलून धरणार. त्यासाठीच आडव्या काड्या. जुन्या काळी सुपाला आणि कणगीला बांबूच्या आडव्या कामट्या का घालत, तेही घरी आजोबांना विचार.

प्रश्न : गुलमर्गला फिरायला गेलो होतो, तिथे स्नोमोबिलवर बसलो. आपल्याकडची ४५० ची डर्ट बाईक तिथे नेऊन किट लावलं तर?
(एक वाचक, पुणे)

गाडी लागेल, प्रश्न पार्टचा आहे. ट्रॅक अमेरिका-कॅनडातून मागवायचा, तो अवजड, त्यावर वाहतूक आणि ड्यूटी, आणि एक ड्रायव्हर तुटला की सीझन संपला. शिवाय गुलमर्गचे वरचे उतार हिमस्खलनाचे आहेत, तिथे परवानगीशिवाय आणि स्थानिक माणसाशिवाय यंत्र घेऊन जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला खरंच गोडी लागली असेल तर एका हिवाळ्यात इकडे या, भाड्याने घेऊन चालवून बघा, मग ठरवा.

प्रश्न : माझे मिस्टर आणि त्यांचे दोन मित्र दर शनिवारी रेव्हलस्टोककडे स्नो बाईक घेऊन जातात. परवाच त्यांनी ट्रॅक स्वतः बदललाय. मला यातलं काही कळत नाही पण मी घरी बसून घड्याळ बघत असते. मी त्यांना काय विचारू?
(एक वाचक, कॅलगरी)

ताई, तुम्ही विचारताय हेच बरं आहे, आणि हे चार प्रश्न त्यांना या शुक्रवारी रात्री विचारा.

पहिला, ट्रॅक बदलल्यावर ताण परत मोजला का आणि अ‍ॅक्सलचा बोल्ट टॉर्कला आवळला का. नुसतं हो म्हणाले तर आकडा विचारा, ज्याने मोजलाय त्याला आकडा आठवतो. दुसरा, नव्या ट्रॅकची पहिली फेरी कुठे. ती पार्किंगच्या आसपासच्या सपाट वाटेवर झाली पाहिजे, थेट डोंगरात नाही, निदान तासभर चालवून, थांबून, खाली वाकून टनेलच्या आत टॉर्चने बघून मगच वर. तिसरा, तिघांकडे प्रत्येकी ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं आहे का, अंगावर, गाडीच्या पिशवीत नव्हे, कारण गाडी आणि माणूस हिमस्खलनात वेगळे होतात. आणि तीन जणांत एक सेट असला तर तो नसल्यासारखाच, ज्याच्याकडे आहे तोच गाडला गेला तर बाकीचे काय करणार. अ‍ॅव्हलांच कॅनडा रोजचा धोक्याचा अंदाज देतं, तो तुम्हीही घरी बसून वाचू शकता, त्या दिवशीच्या धोक्याचा रंग बघून तुम्ही सुद्धा नको म्हणू शकता. चौथा, परतायची वेळ किती आणि त्यानंतर किती वाट बघून तुम्ही मदतीला फोन करायचा. ही वेळ कागदावर लिहून फ्रिजला लावा. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइटवरून निरोप पाठवायचं छोटं यंत्र त्यांच्यातल्या एकाकडे तरी हवं.

सामानात त्यांनी चेनची जोडकडी, अ‍ॅडजस्टरच्या मापाचा पाना, दहा मीटर दोर, रॅचेट पट्टा आणि एक धारदार सुरी ठेवावी. सुरी कशाला असं विचारतील. ट्रॅकचं एखादं पॅडल अर्धवट फाटून लोंबायला लागलं तर ते तिथल्या तिथे बुडापासून कापून टाकायला. लोंबतं पॅडल प्रत्येक फेरीला टनेलवर आपटतं आणि शेजारच्यांना फाडत जातं, कापून टाकलं की गाडी हळूहळू का होईना पार्किंगपर्यंत येते.